वहिनी, ते बटण मी दाबलं

प्रिय वहिनी,

आज दुपारी तुमच्या मशीनमधला ‘चित्रे’ नावाचा फोल्डर मी पुसून टाकला आणि दुकानामागच्या मोरीत जाऊन तीनदा हात धुतले. उलटी झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं.

तुम्ही गेल्यापासून तुमच्यासाठी रडले, तुमच्यावर चिडलेही. पण लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. आज लिहितेय, कारण जी घाण झाली तिची सुरुवात माझ्या बोटानं झाली आणि ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दादानं जीप विकून टाकली. सेनगाव-हिंगोली फेऱ्या मारून कंबर गेली म्हणाला. मला वाटलं, चला, वहिनींचं फॉर्म भरायचं दुकान तरी बंद पडणार नाही. शाळेला सुट्टी होती म्हणून मी हिंगोलीहून दोन दिवस येऊन राहिले, दादाला शिकवायला. त्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा. मी म्हटलं, थांब, सगळं मराठीत करून देते. केलं. किती छान वाटलं मला!

मशीन पुन्हा सुरू केलं तर समोर एक चौकट आली. भाषा बदलली आहे, घरातल्या नेहमीच्या फोल्डरांची नावंही बदलायची का? खाली दोन बटणं. जुनी नावं राहू द्या. नावं बदला.

मी ‘नावं बदला’ दाबलं. पुन्हा विचारू नका, यावरही खूण केली. इतकं सोपं होतं ते.

तुमचं बोलणं मला आठवायला नको होतं का? त्या दिवशी मी पेरू खात तुमच्या शेजारी बसले होते आणि तुम्ही हसत सांगत होतात, “रंजनाताई, हे मशीन लई आगाऊ. आपल्याला न इचारता घरात आठ खोल्या बांधून ठेवतं. गाण्याची येगळी, चित्राची येगळी, पिच्चरची येगळी. वर एक खोली सार्वजनिक! सांगा बरं, घरात सार्वजनिक खोली कशाला लागते?”

“राहू द्या की रिकाम्या,” मी म्हटलं.

“रिकामी खोली दिसली की माणूस कायतरी आणून ठेवतंच,” तुम्ही म्हणालात.

म्हणून तुम्ही निम्म्या खोल्या काढून टाकल्या होत्या. डाउनलोड, चित्रं आणि दस्तऐवज, या तिन्हींचा पत्ता बदलून एका तात्पुरत्या जागेचा दिला होता. मशीन बंद झालं की पुन्हा सुरू होताना ती जागा आपोआप रिकामी होते. कुणाचा फोटो, कुणाचं आधार, कुणाचा जातीचा दाखला, जे येईल ते दिवसभर तिथं आणि संध्याकाळी काही नाही. “लोकाइची कागदं आपल्या घरात वस्तीला ठेवू न्हाई,” एवढंच तुमचं कारण. एखाद्या पोरीनं विचारलंच, तर तुम्ही तिच्यासमोर मशीन बंद-चालू करून दाखवायच्या. मागं रांग लागलेली असली तरी.

हे सगळे पत्ते एका लहानशा लपवलेल्या फाईलमध्ये लिहिलेले असतात. मी नावं बदलली आणि मशीननं ती फाईल नव्यानं लिहिली. तुमचे पत्ते गेले. आठही खोल्या परत उभ्या राहिल्या, शुद्ध मराठी पाट्या लावून. आणि मी ते बघून कौतुकानं दादाला म्हटलं, बघ, किती व्यवस्थित झालं.

मागच्या शनिवारी मी सहज दुकानात गेले होते. दादा चहा सांगायला बाहेर गेलेला. माऊस हातात घेतला तर चुन्यानं चिकट. तुम्ही ओल्या फडक्यानं पुसायच्या तो माऊस. तेवढ्यात एक मुलगी आत आली. पुसेगावची, प्रतीक्षा नाव. नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म तिनं इथंच भरला होता.

“ते काका कुठं हायेत?” तिनं विचारलं.

“येतील. मी त्यांची बहीण. काय काम होतं?”

ती उभीच राहिली. “आमच्या घरी डोंगरकड्याहून पाहुणे आलते, मला पाहायला. आमी कोणालाच बोलावलं नव्हतं. त्यांच्या मोबाईलात माझा फोटो होता. निळ्या ओढणीचा. तो म्या फक्त इथं दिलता.”

मला आधी खरंच कळलं नाही, वहिनी. मग ती म्हणाली, “बाबा म्हणतेत, फोटो तूच कोणाला तरी पाठवला असशील. हिंगोलीचा क्लास बंद केला माझा. परीक्षेलाबी जाऊ देईनात.”

तिला बसायला सांगितलं आणि फोल्डर उघडले. डाउनलोडमध्ये कित्येक महिन्यांचं साचलेलं. तेवढं असतं तर मी त्याला आळस म्हटलं असतं. मग ‘चित्रे’ उघडलं. आत दादानं स्वतः चार फोल्डर केले होते. पुसेगाव. डोंगरकडा. शिकलेल्या. गोऱ्या.

गोऱ्या, वहिनी. परीक्षेसाठी काढलेले फोटो, केस चापून बसवलेले, मान ताठ, एकीच्या तर कपाळावर घाम. भाजी निवडावी तशा निवडून ठेवल्या होत्या. प्रतीक्षा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला स्वतःचा फोटो सापडला. कुठल्या फोल्डरात, ते मी इथं लिहिणार नाही.

दादा चहा घेऊन आला. तो लपवेल, घाबरेल असं मला वाटलं होतं. त्यानं कप ठेवला आणि म्हणाला, “मंग काय झालं? किसनराव सोयरिकी जुळवतेत, त्याईला दाखवले. गावोगाव पोरं तिशीला येऊन बसून राहिलीत, कोणी पोरगी देईना. पुण्याचं काम हाय हे.”

“पोरींचे फोन नंबरही दिलेस? त्यांची जात, मार्क?”

“फॉर्मातच असते ना सगळं. म्या काय चोरी केली का? पैसा घेतला का कोणाचा? काहून ओरडून राहिली तू?”

मी ओरडत नव्हते. त्याच्या हातचा चहा मात्र मला घेववेना. स्थळाला जे जे लागतं ते सगळं फॉर्मात असतं, हे त्याचं खरंच होतं. जीपमध्ये अनोळखी बाईला पुढची सीट देणारा माझा भाऊ. आजारपणात तुमची वेणी घालून देणारा. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा एवढासाही डाग दिसत नव्हता, आणि मला त्याचीच शिसारी आली. वाईट माणसाची किळस येते ती तोंड फिरवलं की जाते. आपल्या माणसाची कुठं ठेवायची?

मी फक्त विचारलं, “मयुरीचा फोटो कोणत्या फोल्डरात आहे, दादा?”

तुमची मयुरी नांदेडला शिकते. तिचाही फॉर्म याच मशीनवर भरला होता. चारही फोल्डरांत ती नव्हती. तेवढं त्याला बरोबर कळत होतं.

दादा स्टुलावर बसला. म्हणाला, “मयुरीला नांदेडला कळू देऊ नको.” वहिनी, तेव्हाही त्याला आधी आपलीच लेक आठवली.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन पुसेगावला गेले. प्रतीक्षाच्या वडलांनी पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. दादा खाली बघत म्हणाला, “फोटो म्या दिलता. लेकराची काय चूक न्हाई.” ते म्हणाले, “तुमच्या घरची बाई लई नेक होती. तिच्या नावावर आमी पोरगी पाठवली.”  परीक्षेला जाऊ देतो म्हणाले, पण आई सोबत जाईल. क्लासचं नाव काढलं नाही.

आणि मी? मी पदर सावरून, शहाण्या बहिणीचा चेहरा करून बसले होते. दादानं घाण केली आणि मी ती निस्तरायला आले, असं सगळ्यांना वाटलं. मी वाटू दिलं. परतीच्या रस्त्यात मला दादापेक्षा माझाच जास्त वीट आला.

आज सगळं पुसायला बसले. साफ करताना कीबोर्ड उलटा केला तर खाली चिकटपट्टीखाली तुमच्या अक्षरात तीन ओळी होत्या. तिन्ही फोल्डरांचे पत्ते, अगदी टिंबापर्यंत बरोबर. खाली लिहिलेलं: याला हात लावू नये. कीबोर्डच्या खाली लिहून ठेवलं तर कोण वाचणार, वहिनी? आजारी होतात तेव्हा दवाखान्यात मला सगळं सांगितलंत. मयुरीचं जेवण, दादाची गोळी. हे का नाही सांगितलं? की रंजनाताई मास्तरीण आहे, तिला कळेल, असं वाटलं?

त्या ओळी बघून बघून मी फाईल पुन्हा लिहिली.

तेवढ्यात प्रतीक्षा हॉलतिकीट काढायला आली. आई बाहेर ओट्यावर बसली. कागद छापून हातात दिला आणि तिला सांगितलं, की मशीनमधली जुनी सोय मी मोडली होती. न वाचता. तिनं कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. राहू द्या ताई, असलं काही म्हणाली नाही.

“बंद करा,” ती म्हणाली. “मंग जाते.”

मी मशीन बंद केलं. ती म्हणाली, “आता चालू करून दाखवा.” केलं. डाउनलोड उघडला. रिकामा. तिनं वाकून पाहिलं आणि विचारलं, “आन् किसनरावच्या मोबाईलातला?”

 तुमच्याकडं याचं उत्तर असतं का?

फोल्डर पुसण्याआधी मी त्यातली नावं वहीत उतरून घेतली आहेत. फोटो नाहीत, फक्त नाव आणि गाव. आधी किसनरावांकडं जाईन आणि माझ्यासमोर त्यांना फोटो पुसायला लावीन. त्यांनी पुढं कुणाकुणाला पाठवले तेही विचारीन. मग दादाला घेऊन वहीतल्या प्रत्येकीच्या दारात जाईन, आणि या वेळी आधी मी बोलेन. शेवटचं घर झालं की ती वहीही फाडून टाकीन. लोकांच्या पोरींची नावं माझ्या घरात वस्तीला राहणार नाहीत. मयुरी दिवाळीला येईल तेव्हा तिलाही मीच सांगेन, दादा नको म्हणाला तरी. किळस जाईल, एवढा शब्द मात्र देत नाही.

तुमची नणंद,
रंजना