खोकल्यांची रांग

१२ सप्टेंबर १९८९

शहरातल्या दवाखान्यात जायला विमान सरकार देतं. फुकट! खरा खर्च असा — दोन दिवस जाळी कोरडी, शेजाऱ्याच्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला अर्धं उघडं, आणि थोरल्या बहिणीशी एक भांडण. फिलोमेनताई छातीचा फोटो काढायला तयार नाही. "साबणाचा वास, पांढरे कपडे, लांबच लांब खाटा. तसल्या जागी लहानपण गेलं, पुरे झालं!" आम्हा आदिवासी पोरांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या निवासी शाळेतून सुटून चाळीस वर्षं झाली. तिथला खोकला तिच्यासोबत घरी आला, तो गेलाच नाही.

१४ सप्टेंबर

ताईकडे तंबाखू घेऊन गेलो. आमच्यात वडीलधाऱ्यांकडे मागणं न्यायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत. पुडी घेतली की शब्द दिला.

"खोकणाऱ्या बाईला तंबाखू! वा रे शहाण्या!"

"ओढू नकोस. नुसती घे."

पुडीकडे बघत बसली. मग म्हणाली, "आधी तू फोटो काढून घेशील?"

"घेतो की! मीही त्याच शाळेतला. छाती बघ — लोहाराचा भाता! खोकला कसा तो माहीत नाही."

घेतली पुडी.

१५ सप्टेंबर

पहाटे स्वप्न. शाळेतली मुलांची झोपायची खोली तळ्याच्या तळाशी. वर बर्फ, त्यातून झिरपणारा हिरवा उजेड. खाटांची रांग, आणि एकेक खोकला बुडबुडा होऊन वर जातोय. डोळे मिटून ओळखत होतो — हा जोसायाचा, हा धाकट्या अँब्रोजचा. शाळेत खोकणाऱ्याला खरंच दूर कुठे नेत, दुसऱ्या दिवशी त्याच्या खाटेवर नवं पोर. म्हणून पोरं खोकला गिळत. माझ्या खाटेवरून बुडबुडा नाही.

कान तिथेच तयार झाले. आज इंजिन किनाऱ्यापासून लांब असतानाच दोष सांगतो. दुरुस्तीचं दुकान त्यावरच उभं आहे.

१९ सप्टेंबर

निघताना ताईने प्रवास सुखाचा व्हावा म्हणून तंबाखू तळ्याच्या पाण्यात सोडली. विमानातून खाली तळीच तळी, जणू आकाश सांडलंय. ताईचा हात सारा वेळ माझ्या बाहीवर.

यंत्रासमोर आधी मी, मग ती. दोघांचे फोटो बघून नर्स आली. "आजोबा, किती वर्षं खोकताय?"

"मी? छे! खोकते ही."

ताई हळूच म्हणाली, "धाकट्या, चार शब्द बोललास की एक खोकला गिळतोस. लहानपणापासून. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

२३ सप्टेंबर

ताई आज एकटीच घरी गेली. तिच्या श्वासनळ्या कायमच्या खराब, पण औषधावर भागेल. क्षय मला आहे.