दुसऱ्याच्या चपला

देरा, दुबई
१२ मार्च १९६८

बदरुन्निसा,

तुला सलाम, पोरांना दुवा. मी बरा आहे. अक्षर वाकडं आलंय ते पेनामुळे.

जुम्म्याला फजिती झाली. नमाज आटोपून मशिदीतून दुसऱ्याच्याच चपला घालून खोलीवर आलो. दोन नंबर लहान! टाच सोलून रक्त आलं, तरी मला पत्ता नाही. मागून चपलांचा मालक ओरडत आला, "चोर!" चार लोकांत! आजवर कुणाची सुई उचलली नाही गं मी. त्याला काय सांगू, माझे पाय मलाच कळत नाहीत?

डॉक्टर म्हणतो, रक्तात कॅन्सर आहे, त्यानेच पायांच्या नसा मरतायत. खराब झालं रक्त आणि शिक्षा पायांना! वर टाचणी टोचून दहादा विचारतो, "कळलं?" कळत असतं तर दवाखान्याची पायरी चढलो असतो का?

मला अशक्तपणा आलाय, एवढंच अम्मीला सांग. तिचा खोकला कसा आहे? कैऱ्या धरल्या का?

पुढच्या बोटीने निघतोय. दारात आलो की आधी खाली बघ. चपला माझ्याच आहेत का, पायात आहेत तरी का, ते तूच सांग.

तुझाच,
शमशुद्दीन