सापडलेलं पाप

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९४४

महारोग!

लिहून टाकला एकदाचा शब्द. नगरच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. कोपराजवळच्या चट्ट्यावर सुई टोचत होते आणि विचारत होते — "आता? आता?" मी आपली वाट बघतेय, कधी टोचतात म्हणून. डोळे उघडले तर रक्ताचे तीन थेंब.

हे शेजारीच होते. डॉक्टर यांना म्हणाले, "पाळकसाहेब, घाबरू नका. दर मंगळवारी तेलाचं इंजेक्शन. भांडी, अंथरूण वेगळं. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा."

मी विचारलं, "मिर्यामेला झालं तेच का हे?" मोशेची बहीण ती, भावाविरुद्ध बोलली म्हणून देवाने तिला कोड दिलं — शाळेत दर वर्षी मीच शिकवते मुलींना.

"शास्त्रातलं कोड ते कोड. हा जंतू आहे, बाई. जंतूला दहा आज्ञा ठाऊक नसतात."

परत येताना सर्व्हिस मोटार पारनेरच्या अलीकडे दोनदा बंद पडली. हे बाहेरच बघत होते.

बुधवार, ९ फेब्रुवारी

सकाळी प्रार्थनेनंतर हे म्हणाले, "सरोजिनी, आठवून बघ. काही कबूल करायचं राहिलं असेल."

रागाने नाही हो! अगदी हळू म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

रविवार, १३ फेब्रुवारी

उपासनेच्या देवळामागच्या खोलीत राहायला आले. शाळेचे मोडके बाक असतात तिथे. दोन बाहेर काढले, जागा झाली. शाळा बंद — माझी, म्हणजे. वर्ग आता हेच घेतात.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

सुचित्राला नगरच्या बोर्डिंगात पाठवलं. नऊ वर्षांची पोर. बैलगाडीत बसायच्या आधी धावत माझ्याकडे आली. मी हात पुढे करून थांबवलं तिला. "तिथूनच बोल, बाळ."

तिथूनच वळली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी ओढा ओलांडून वर चढली तेव्हा तिची लाल रिबीन दिसली. मग तीही नाही.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

इंजेक्शन. दंड दगडासारखा झालाय. बोर्डिंगाच्या बाईंनी सुचित्राला दवाखान्यात आणलं होतं — तपासलं. अंगावर काही नाही! डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तरी मी तिसऱ्यांदा विचारलं.

रविवार, २७ फेब्रुवारी

वीस दिवस पापं शोधतेय. सासूबाईंना उलटून बोलले होते. शेजारणीच्या नव्या लुगड्याचा हेवा केला. शाळेत एका मुलीला विनाकारण मारलं. एवढ्याला एवढी शिक्षा? मग तर अख्खं गाव माझ्या खोलीत राहायला यायला हवं!

एक मात्र आहे. आमचा योहान गेला तेव्हाचं. दोन वर्षांचा होता, तापाने फणफणला आणि तिसऱ्या दिवशी गेला. सगळे म्हणत होते, देवाने दिलं, देवाने नेलं. मी पवित्र शास्त्राचं पुस्तक उचललं, ट्रंकेत सगळ्यात खाली घातलं आणि वर्षभर उघडलं नाही. प्रार्थनेला मांडीवर दुसरंच पुस्तक घेऊन बसायची. यांनाही कळलं नाही.

आज सांगितलं यांना. दारात उभे होते. ऐकता ऐकता चेहरा कसा उजळला! "सापडलं," म्हणाले. "बघ, सापडलं, सरोजिनी." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. इतकं आनंदलेलं मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

पण हिशेब जुळत नाही. ट्रंक बंद केली ती योहान गेल्यावर. मग योहान कशाबद्दल गेला?

विचारलं नाही. त्यांचा आनंद मोडवेना.

रविवार, ५ मार्च

मंडळीपुढे कबुली दिली. देवळाच्या दारात उभी राहून — आत नको, असं पंचांचं म्हणणं. योहानचं नाव सगळ्यांपुढे घेताना आवाज फुटला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. वाटलं, सुटले.

मग प्रभुभोजन. भाकर आणि प्याला रांगेतून फिरत दारापाशी आला. बन्सीभाऊ — मंडळीचे पंच, कबुली द्या म्हणून आग्रह त्यांचाच — प्याला घेऊन थबकले. "फुडल्या बारीला बगू, पाळकीनबाई. लोक भेत्यात."

मी यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते.

देव क्षमा करतो म्हणे. त्याच्या पंचांना कुणी कळवलं नसावं.

गुरुवार, ९ मार्च

आज कुणाशी एक शब्द बोलले नाही. चिमणीशी बोलले. तीही उडाली.

शनिवार, १८ मार्च

मांडीवर नवा चट्टा.

म्हणजे कबुली पुरली नाही? की आणखी काही आहे, मला न आठवणारं? देव सांगत का नाही मग! मी मुलींना छडी मारायचे तेव्हा आधी सांगायचे तरी — कशाबद्दल ते.

बायडाबाई भाकरी घेऊन आली. साठीची म्हातारी, अक्षर येत नाही, पण उपासना एक चुकवत नाही. इतर बायका ताट उंबऱ्यावर सरकवून पळतात. ही बैठक मारून बसते. तिला चट्टा दाखवला. म्हटलं, "बायडाबाई, आणखी कुठलं पाप गं माझं?"

"लई हुडकू नगा, पाळकीनबाई. माजी चार लेकरं गेली. तीन पलेगात आन येक आसंच, खेळता खेळता. येकाचं पाप हुडकलं आस्तं. चौगांचं कुटनं आनू?"

"मग देव कुठे होता तेव्हा?"

बराच वेळ तंबाखू मळत राहिली. "त्ये मला न्हाई ठावं. पर समदे येऊन कायबाय बोलत हुते. ह्ये चुकलं, त्ये चुकलं. त्यो येकलाच गप हुता. म्हून मी त्याच्यापाशी बसले."

गेल्यावर खूप रडले. बरं वाटलं. महिन्यात पहिल्यांदा.

रविवार, २६ मार्च

खिडकीशी बसून यांचा उपदेश ऐकला. विषय — अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी. लोभ केला, खोटं बोलला, कोड चिकटलं. त्याला आणि त्याच्या संततीला — सर्वकाळ!

संततीला! सुचित्राने काय केलं? तिच्या अजून न झालेल्या मुलांनी काय केलं? मी उभी राहिले. खिडकीतून ओरडणार होते. पण यांचा आवाज मध्येच बंद पडला. पुस्तक धरून नुसते उभे. मग म्हणाले, "गीत म्हणू या." आणि गीत संपायच्या आत बाहेर पडले.

पापाला शिक्षा देणारा देव मी समजू शकते. बापही देतो. पण बाप नातवंडांच्या छड्या आज मोजून ठेवत नाही. हे कुणी लिहिलं? का लिहिलं? आणि मी हे पंधरा वर्षं मुलींकडून पाठ करून घेतलं! कुणाच्या घरी कुणी आजारी असेल, ती पोर घरी जाऊन काय विचार करत असेल — माझ्या मनातही आलं नाही.

शुक्रवार, ७ एप्रिल — उत्तम शुक्रवार, प्रभूला क्रुसावर दिलं तो दिवस

आज प्रार्थनेत काही मागितलं नाही. कबूलही काही केलं नाही. म्हटलं, प्रभू, आज तुझाच दिवस वाईट. नुसती बसते.

बसले. दुपार गेली.

समजलं काहीच नाही. पण त्याने मला मारलंय असं त्या तीन तासांत एकदाही वाटलं नाही.

सोमवार, १० एप्रिल

सकाळी हे आले. थेट आत. दार लोटलं आणि सदरा काढून पाठ फिरवली.

चार चट्टे. खांद्यापासून कमरेपर्यंत. जुने.

"सहा वर्षं झाली," म्हणाले. झोपतानाही सदरा उतरवत नसत, ते म्हणून! "तुला माझ्याकडून लागलाय. तुझं काही पाप सापडलं तर हे माझ्यामुळे नाही, असं वाटत राहिलं. म्हणून शोधायला लावलं तुला."

वीस दिवस! योहानचं नाव भर मंडळीत! हातात तांब्या होता, तो भिंतीवर फेकला. ते हलले नाहीत. म्हणाले, "आता शिक्षा तू दे. देवाची मी वाट बघून थकलो."

तांब्या उचलून जागेवर ठेवला. शेवटी म्हटलं, "उद्या मंगळवार. डॉक्टरांकडे चला. देवाचं नंतर बघू."

त्यांनी सदरा घातला. बधिर बोटांना गुंडी सापडेना. सहा वर्षं कशी लावत होते, देव जाणे. मीच लावल्या — पाचही.