पाणी पिणारी व्हॅन

सोमवार, ६

नोकरी लागली. दाराजवळचं बाक माझं, वर खिडकी, खाली पान्यांचा खण. खूश आहे. गॅरेजच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी विचारलं, डिप्लोमावाल्यांना हात काळे करता येतात का. मी म्हटलं, येतात, आणि धुताही येतात. हिशेबाला बसणाऱ्या काकू, त्यांच्या पत्नी, हसल्या. काका हसले नाहीत.

पहिलं काम मागच्या शेडमधली जुनी व्हॅन. काकांची ही पहिली गाडी. मोडीत काढा म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं, असं काकूंनी हळूच सांगितलं. तक्रार एकच, ती पाणी पिते. मी म्हटलं, इंजिन पाणी पीत नाही, गळतं. काका म्हणाले, आधीचा मिस्त्रीही असंच म्हणायचा. गुणी माणूस, पण नुसता सुकत गेला, आणि एक दिवस हत्यारंही न घेता नाहीसा झाला.

मंगळवार, ७

होज पाइप, क्लिपा, रेडिएटर, वॉटर पंप, सगळं कोरडं. थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर लावून दाब चढवला. सुई हळूहळू उतरली, कुठेतरी गळतंय. जमिनीवर मात्र थेंब नाही. म्हणजे दोनच शक्यता. हेड गॅस्केट गेलं असेल तर पाणी इंजिनात जळतं आणि पांढरा धूर येतो; तो येत नाही. नाहीतर डॅशबोर्डमागचा हीटर गळतो. मग आतला गालिचा ओला लागतो आणि गोडसर वास येतो. उद्या आत बसून बघते.

व्हॅनच्या दारांना आतून कड्या नाहीत. काच उतरवायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची कडी ओढायची. काका म्हणाले, सवय होईल.

बुधवार, ८

गालिचा कोरडा. वास आहे. सीटखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, पिळून काढल्यासारख्या चेपलेल्या. मिस्त्रीच्या असाव्यात.

टेस्टर पुन्हा लावला आणि त्याची सुई आतून दिसेल अशी काचेपाशी ठेवली. मी आत असताना ती हलली नाही. बाहेर आले, उतरली. पुन्हा बसले, थांबली. माझ्या वजनाने एखादा पाइप दाबला जात असेल, म्हणून माझ्याऐवजी सीटवर वाळूचं पोतं ठेवलं. सुई उतरली.

काकू म्हणाल्या, बाई गं, त्या गाडीला माणूस लागतं. मी हसले. त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. ती मी एका दमात संपवली. तोंडाला लावेपर्यंत तहान लागल्याचं कळलंच नव्हतं.

गुरुवार, ९

कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीवर पेनाने रेघ मारली, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि आत बसले. बाहेर आले तेव्हा पातळी रेघेच्या वर. इंजिन थंड. पट्टी जशीच्या तशी.

ओठ फुटलेत. जीभ टाळूला चिकटते.

काकांना सांगितलं, ही गाडी मी करणार नाही. ते टाकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, बरं. फक्त तुझी टॉर्च आत राहिलीय, तेवढी उद्या काढून घे. मला नवल वाटलं, एरवी मी हत्यार कधी विसरत नाही.

शुक्रवार, १०

काच उतरवलेली होती. तेवढं बघूनच आत शिरले. दार मागून लागलं. काच आता वर आहे. काचेचं हँडल नुसतंच फिरतंय, दाते पकडत नाहीत.

माझे पाने बाकावर राहिलेत, खिशात फक्त ही वही आणि पेन. टॉर्च काचेवर मारली. टॉर्च फुटली.

काकू शेडच्या दारात होत्या. हाक मारली. त्यांनी तोंड फिरवलं.

काका आले. वाटलं, दार उघडतील — बोनेट उघडलं. माझ्याकडे बघतही नाहीत. टाकी बघतायत. काकूंना ओरडून सांगतायत की भरतेय.

रडतेय. डोळे कोरडेच —

काचेवर वाफ. आतून उमटलेले पंजे. माझ्या पंजांपेक्षा मोठे.

काकांनी बोनेट लावलं. फाटकाशी कुणीतरी आलंय, हातात सर्टिफिकेटांची फाइल. काका त्याला विचारतायत, हात काळे करता येतात का —

घसा — आवाज निघत नाही.

माझं निदान चुकलं. ही गळत नव्हती. अक्षरं फिकी होतायत, पेन सकाळी भरलं होतं, आता शाईसुद्धा पि