तिनं हाक का मारली नाही

अब्बा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही नाही. धुळ्याला शिकत होते तेव्हा शेजारच्या किराणा दुकानात फोन करून 'अब्बांना सांगा, बरी आहे' एवढाच निरोप ठेवायचे. आज लिहायला बसले, कारण माझ्या हातून रागावून घेण्यासारखं काम झालंय आणि मला रागावेल असं मोठं माणूस घरात कोणी उरलेलं नाही.

मी म्हसावदला शाळेत मराठी शिकवते. शहाद्याच्या पिंजाऱ्याची पोरगी मराठीची मॅडम झाली, हे तुम्ही एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तिकीट काढायच्या आत सांगितलं असतंत. शाळेत आम्ही शनिवारी वाचनकट्टा भरवतो. एक मॅडम आणि एक मुलगी अशी जोडी असते. दोघींनी एकच पुस्तक वाचायचं आणि समोरासमोर बसून त्याच्यावर बोलायचं. माझ्या जोडीला अकरावीतली एक मुलगी आली. तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यावरची, घरी पावरी बोलणारी, इथं वसतिगृहात राहणारी. दोन वर्षांत तिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला होता. प्रगतिपुस्तकात 'अबोल आहे' असा शेरा मीच मारला होता, आणि तो मारताना मला काही वाटलंही नव्हतं.

आमच्या वाट्याला आलं ते कुमारांसाठीचं एक कादंबरीवजा पुस्तक. शहरातली चौदा वर्षांची मुलगी सहलीत वाट चुकते आणि एकोणीस दिवस जंगलात एकटी तग धरून परत येते. मागच्या कव्हरावर 'जिद्दीची विलक्षण कहाणी' असं ठळक छापलेलं. पहिले तीन शनिवार माझी जोडीदारीण नुसती मान हलवत होती. चौथ्या शनिवारी लिंबाखालच्या ओट्यावर बसलो, मी पुस्तक उघडलं आणि ती एकदम म्हणाली, "मॅडम, ही मोहाच्या झाडाखाली उपाशी बसली."

"मोहाची फुलं खातात, हे तिला कुठून माहीत असणार?"

"नाही माहीत तर विचारायचं ना कोणाला."

"अगं, एकटी आहे ती जंगलात."

"एकटी कुठं? आठव्या दिवशी तिला धूर दिसतो. धूर आहे म्हणजे चूल आहे, चूल आहे म्हणजे कोणीतरी बाई आहे तिथं. आणि ही झुडपात लपते! चोर असतील म्हणे." ती उठून उभीच राहिली. "एकोणीस दिवसांत हिनं एकदाही हाक मारली नाही, मॅडम. आमच्याकडं हाक आली की माणूस हातातलं टाकून जातो. लेखकाला वाटतं जंगलात कोणी राहतच नाही."

व्हरांड्यातून जाणारे मुख्याध्यापक थबकले. "मॅडम, हाई पोरगी बोली ऱ्हायनी का? माले तं मुकीच वाटे!" शहाद्याला तालुक्याचा वाचन मेळावा होता, प्रत्येक शाळेची एक जोडी तिथं बोलणार होती. त्यांनी जागच्या जागी आमची जोडी ठरवून टाकली.

आणि मग मी माती खाल्ली. घरी बसून तिच्यासाठी चार पानी भाषण लिहिलं. जिद्द, चिकाटी, आत्मविश्वास, आजच्या युवतींपुढचा आदर्श. तिनं ते पाठ केलं, सांगितल्यासारखं. तालमीच्या दिवशी सगळे शिक्षक बसलेले. पहिलं पान झालं आणि ती कागद खाली करून धुराचं सांगू लागली. मी तिला मध्येच तोडलं. "लिहून दिलंय तेवढंच बोल. लेखकाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं." तिनं कागदाची घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. त्याला आज बारा दिवस झाले. कालपर्यंत हजेरीला ती 'हजर'सुद्धा म्हणत नव्हती, नुसता हात वर करायची. मेळावा गेला तर गेला, त्याची कोणाला पडलीय! पण ही पोर आत्ता गप्प झाली तर कायमची गप्प होईल, आणि तिला गप्प करणारी मी असेन. हे मला जेवू देत नव्हतं.

मला सारखा तो पाडा आठवतो, अब्बा. मी दहा वर्षांची असेन. दिवाळी झालीय, थंडी पडायला लागलीय आणि तुम्ही खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण घेऊन डोंगरात रजयांचा कापूस पिंजायला निघालाय. मी हट्टानं बरोबर. तिथं घराला घर लागून नव्हतं, ज्याचं घर त्याच्या शेतात, दोन घरांमध्ये एक टेकडी. तुम्ही कोणाच्या अंगणात सरळ शिरत नव्हतात. शेताच्या कडेला थांबायचात, पिंजणाची तात दोनदा छेडायचात, एक लांब हाक द्यायचात आणि उत्तर येईपर्यंत उभे. मी कंटाळून पाय आपटतेय आणि तुम्ही म्हणताय, त्यांना कळू दे कोण आलंय ते.

तिथल्या एका म्हातारीनं आम्हाला पाणी दिलं, भाकर दिली आणि हातवारे करून तुम्हाला बरंच काही सुनावलं. तुम्ही हसत होतात. नंतर तुम्ही मला सांगितलंत: आदल्या वर्षी तुम्ही धुक्यात वाट चुकला होतात आणि भीतीनं सकाळपासून दुपारपर्यंत एका झाडाखाली मुकाट बसला होतात. तिला सरपण आणताना सापडलात. ती तेच विचारत होती, हाक मारायला काय झालं होतं तुला, आम्ही काय मेलो होतो का? मला मात्र त्या गोष्टीपेक्षा तिच्या बोलण्याची गंमत वाटली होती. उतरताना मी तिची नक्कल करत राहिले. तुम्ही पिंजण खाली ठेवलंत. "जिसके घर का पानी पी, उसकीच बोली पे हसती?" एवढंच म्हणालात आणि म्हसावदच्या स्टँडपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. मी रडून पाहिलं, उपयोग झाला नाही.

परवा मुख्याध्यापक म्हणाले, "दुसरी पोरगी ल्या ना, मॅडम. भाषण तयारच शे." मी म्हटलं, सर, बोलेल तर तीच बोलेल आणि तिचंच बोलेल, नाहीतर आपली शाळा जाणार नाही. ते परीक्षकांचं सांगू लागले, पुस्तकाला नावं ठेवली तर गुण कापतील म्हणाले. कापू देत. इतकी वर्षं सगळ्यांना 'हो सर' म्हणत आले, एक 'नाही' म्हटल्यानं आभाळ कोसळलं नाही.

काल दुपारी वसतिगृहात गेले. ती मागच्या दगडावर कपडे धूत होती, आजूबाजूला पाच-सहा मुली. रागावले होते ते सगळ्यांसमोर, म्हणून चूकही सगळ्यांसमोरच कबूल केली. म्हटलं, मी तुला बोलू दिलं नाही, ते चुकलं माझं. तुला वाटतं तेच तू शहाद्याला बोल. तिनं ओढणी पिळली, झटकली, दोरीवर टाकली. मग पाठमोरीच म्हणाली, "जोडी आहे ना, मॅडम. मी माझं बोलते, तुम्ही तुमचं बोला. तुम्हाला पुस्तक आवडलंय ना? तिथं भांडू." बाकीच्या पोरी फिसकन हसल्या. ती वळली. "धुराच्या पुढं तिचं काय झालं, ते मी तुम्हालाच विचारणार आहे. तयारी करून या."

हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवायचं नाही की कोणाला दाखवायचं नाही. पण तुम्हाला एक सांगते, जे तिला अजून सांगितलेलं नाही. धुराच्या पुढं मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. त्या पानावर मला डोंगरातली ती म्हातारी आठवली, लेखक चुकतोय हे कळलं आणि मी पुस्तक मिटून टाकलं. भाषणाची चारही पानं मागच्या कव्हरावरून लिहिली. पिंजाऱ्याच्या पोरीनं पुस्तक चुकलं म्हटलं तर लोक म्हणतील, हिला मराठीच कळत नाही. ही भीती मला शाळेत असल्यापासून आहे, अब्बा, आणि तिच्यापायी मी त्या पोरीच्या तोंडातलं खरं खोडून काढलं. आज उरलेली पानं वाचून काढते. सोमवारी शहाद्यात ती विचारेल तेव्हा, सगळा तालुका समोर बसलेला असेल, तेव्हा हे तिला सांगणार आहे.