पंच्याचं दुसरं टोक

जुनवानी, भिलाई
शनिवार, १८ एप्रिल १९८७

चि. अरुणकुमार यास,

प्रभूमध्ये सलाम. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याचं उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर तू पाळक आहेस हे विसरून दिलं असतं. आजही विसरणार आहे, पण आता इलाज नाही.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. रमाचे दहावीचे पेपर झाले. गणिताचा अवघड गेला म्हणते आणि दिवसभर रेडिओ ऐकते. ऊन यंदा आधीच चढलं. शाळा सकाळची झाली, त्यामुळे दुपारी घरी असते. पाण्याची काय सोय, असं तू विचारलंस. बोरिंग गल्लीच्या तोंडाशीच आहे आणि घरातले दोन्ही ड्रम भरलेले असतात. पपईचं झाड मात्र गेल्यात जमा होतं. पाणी कमी पडून नव्हे, जास्त होऊन. त्याचं पुढे लिहीन, डोकं ठिकाणावर राहिलं तर.

आता तुझ्या पत्राचं. उद्या ईस्टर. नागपूरहून मंडळ्यांचे मोठे साहेब यायचेत. तुझी इच्छा अशी की, प्रभुभोजनाच्या आधी मी आणि शामसुंदरने पुढे यावं, सगळ्यांसमोर हातात हात घ्यावा आणि तू आमच्या डोक्यांवर हात ठेवून प्रार्थना करावीस. 'ताई, मंडळीला याचा फार मोठा आशीर्वाद होईल,' असं लिहिलंस. मंडळीला होईल. साहेबांनाही होईल, नागपूरला जाऊन सांगायला एक गोष्ट मिळेल. मला काय होईल, ते तुझ्या तीन पानांत कुठे सापडलं नाही.

मी उभी राहणार नाही. हे पहिल्यांदाच स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला आशा नको.

तू ती गोष्ट व्यासपीठावरून इतक्या वेळा सांगितलीस की, खरी कशी होती ते तूच विसरलास. म्हणून ऐक. नोव्हेंबरात तुझे भाऊजी कुरुदला निघाले. तिथल्या गिरजाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करायला. मंडळीतलाच शामसुंदर म्हणाला, मी स्कूटरवर नेतो. नेहरू नगरच्या चौकात त्याने ट्रकच्या पुढे काढायला पाहिलं. तुझे भाऊजी जागच्या जागी गेले आणि त्याचा पाय मोडला. मातीच्या वेळी तू बोललास, ट्रकवाल्याने एकदम दाबलं, आणि शेवटी ही प्रभूची इच्छा. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं असेल, मला त्या दिवसाचं फारसं आठवत नाही.

जानेवारीत प्लास्टर निघाल्यावर तो काठी टेकत आमच्या फाटकाशी आला. आत ये म्हटलं नाही मी. तो तिथेच उभा राहून म्हणाला, "ताई, ट्रकवाल्याची काही चूक नव्हती. भाऊरावजी मले म्हणे, हळू घे रे बापू, घाई कायची आहे. मी म्हटलं, काही नाही होत. हसून राहिलो होतो मी."

एवढंच बोलून तो गेला. तुला त्याने हे सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. सांगितलं असेल आणि तू गिळलं असशील, तर तो तुझा आणि प्रभूचा हिशोब. पण त्या दिवसापासून मला रोज ऐकू येतं, 'हळू घे रे बापू.' तुझे भाऊजी मलाही तसंच म्हणायचे, भाजी करपली तरी. आणि पुढे ते हसणं ऐकू येतं. अरुण, मी त्याला लंगडताना पाहते तेव्हा मला बरं वाटतं. हे पाप असेल तर असो. मी तुझ्याकडे त्याची कबुली द्यायला बसलेली नाही, फक्त खरं लिहिते आहे.

तुझा नियम आहे, कुणाशी मनात वैर असेल तर प्रभुभोजनाचा प्याला घेऊ नये. मला तो पटतो, म्हणून नोव्हेंबरपासून मी घेतला नाही. पण रस मीच करते. आईनंतर मीच करत आले, आणि माझ्या दुःखासाठी मंडळीने बाजारातलं सरबत प्यावं असं मला वाटलं नाही. काळ्या मनुका रात्री भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, कुस्करायच्या आणि धुतलेल्या पंच्यात घालून पिळायच्या. तुला आठवत असेल, पंचा पिळायला दोन माणसं लागतात. एका टोकाला आई, दुसऱ्याला मी, आणि तू मध्ये तोंड उघडं ठेवून उभा. दर महिन्याला मूठभर मनुका तुझ्या चड्डीच्या खिशात जायच्या. आईला माहीत होतं. ती मुद्दाम जास्त भिजवायची. तुला तिने कधी सगळ्यांपुढे उभं करून क्षमा केल्याचं मला आठवत नाही.

आता या महिन्याच्या पहिल्या रविवारचं. मी मागच्या खोलीत छोट्या पेल्यांत रस ओतत होते. दार लोटलेलं होतं. तुझा आवाज आला, तो तुझा खास आवाज, लहान मुलाला औषध पाजताना काढावा तसा. "आपल्या सत्यशीलाताईंनी आपला भाऊ शामसुंदर याला पूर्ण मनाने क्षमा केली आहे." आणि सगळी मंडळी टाळ्या वाजवू लागली. माझ्या हातात किटली होती, अरुण. मी अर्ध्या पेल्यांपर्यंत आले होते. मी किटली खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. उरलेले पेले कुणी भरले ते मला ठाऊक नाही.

तू पत्रात लिहिलंस की, त्याने वधस्तंभावरून आपल्याला खिळणाऱ्यांनाच क्षमा केली. केली. मला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे, आणि तुला ते मीच शिकवलं. पण त्याने ती स्वतःच्या तोंडाने केली. खाली उभ्या असलेल्या शिष्यांपैकी कुणी घसा साफ करून त्याच्या वतीने जाहीर केली नाही. खिळे ज्याच्या हातात, बोलणं त्याचं. तू माझ्या पोटचं काढून वाटून टाकलंस आणि वर टाळ्या घेतल्यास. लहान असतास तर कान धरून फाटकाबाहेर उभा केला असता.

बाहेर सायकलींपाशी शामसुंदर उभा होता. तोही उठून आला होता. तुझ्या लक्षात आलं होतं का, ज्याला क्षमा झाली तो जागेवर नव्हता? मी त्याच्याशी बोलणार नव्हतेच. तोच म्हणाला, "ताई, मी नाही सांगतलं पास्टरसाहेबाले. देवाची आण."

मी म्हटलं, "मले माहीत आहे."

"मले अशी माफी नाही पाहिजे, ताई. तुमाले द्यायची नसंल तर नका देऊ. पण अशी नाही पाहिजे."

पाच महिन्यांत माझ्या मनातलं कुणी बोललं असेल तर ते त्या माणसाने, आणि त्याचा मला इतका संताप आला की घरापर्यंत रडत गेले. तू बोलायला हवं होतंस ते. माझा भाऊ तू आहेस.

आता पपईचं लिहिते.

फेब्रुवारीत माझी कंबर धरली होती, ते तुला कळवलं होतं. तू युवक संघाची पोरं पाठवलीस. चांगली पोरं. दोन गीतं म्हटली, माझ्या कमरेसाठी प्रार्थना केली, चहा प्याली, चिवडा खाल्ला, आणि 'ताई, काही लागलं तर सांगा' असं म्हणून गेली. अंगणात रिकाम्या बादल्या होत्या. एकानेही उचलली नाही. मी सांगितलं नाही, हे खरं. पण ज्यांना बादली दिसत नाही त्यांना काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी दोन भरलेल्या बादल्या, आणि गल्लीत त्याचं लंगडणं. मी बादल्या उचलल्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत पपईच्या बुंध्यात ओतल्या. तो रिकाम्या घेऊन गेला, भरून आणल्या, ठेवल्या. मी त्याही ओतल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कारखान्यात पहिली पाळी असली तर तो अंधारातच यायचा, पण यायचा. कंबर मोडली होती तरी ओतायला मला बरोबर जोर यायचा. शेवटी पपईची पानं पिवळी पडून गळायला लागली, तेव्हा रमा माझ्यावर ओरडली, "आई, बस कर ना! पेड़ सड़ जाएगा! अंकलवर राग आहे तर झाडाले कावून मारतेस?"

त्या दिवशी मी पाणी ड्रममध्ये ओतलं. झाडासाठी. तू यातून दुसरं काही काढू नकोस.

तेव्हापासून तो रोज भरतो. मी कट्ट्यावर चहाचा ग्लास ठेवते आणि आत जाते. तो पितो, विसळतो, पालथा घालतो. कूलरची खस त्याने बदलली. आम्ही बोलत नाही. बोलायला आहे काय? तो आला की मी अजून तोंड फिरवते. एखाद्या दिवशी आला नाही, तर मी फाटकाकडे चार वेळा पाहते आणि मग स्वतःचाच राग येतो. हे काय आहे, याला शास्त्रात काय म्हणतात, ते तुला ठाऊक असेल. मला नको सांगूस. तुझ्या उपदेशात रविवार फार असतो अरुण, मंगळवार कधीच येत नाही. मी मंगळवारात राहते.

काल उत्तम शुक्रवार. उपासनेला मी आले नाही, ते तू पाहिलंच असशील. उद्यासाठी रस करायचा होता. करायचा नाही असं ठरवून मी परवा झोपले होते, तुझ्यावर सूड म्हणून. मग आईची आठवण आली. उठले आणि मनुका भिजवल्या. तुझ्यासाठी नाही भिजवल्या, हे लक्षात ठेव.

पंच्याचं दुसरं टोक लग्नानंतर तुझे भाऊजी धरायचे. त्यांच्या हाताला जोर होता, एका पिळात चोथा कोरडा व्हायचा. नोव्हेंबरनंतर मी ते टोक खिडकीच्या गजाला बांधून पिळत होते. गाठ सुटायची, निम्मा रस भिंतीवर जायचा. रमा धरायला येते, पण तिला ते ओंगळ वाटतं, रक्तासारखं दिसतं म्हणते.

काल सकाळीही गाठ सुटली. गरम रस माझ्या मनगटावर आला आणि मी ओरडले. तो अंगणात ड्रम भरत होता. आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पंच्याचं सुटलेलं टोक जमिनीवर लोळत होतं. मी ते विसळलं आणि त्याच्याकडे केलं. त्याने हात धुतले आणि धरलं.

पिळताना समोरासमोर उभं राहावं लागतं, एकाने आवळलं की दुसऱ्याने उलटं वळवावं लागतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो रडत होता आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. मी जोरात पिळलं. मला वाटतं मी त्याचा हात मोडावा म्हणूनच पिळलं. त्याने सोडलं नाही. मी म्हटलं, "हळू घे रे." तोंडातून निघालं आणि मग आम्ही दोघंही थांबलो. पंचा मध्ये ताणलेला, खाली रस ठिबकत होता.

मी क्षमा केलेली नाही. हे वाक्य पुन्हा वाच. आज नाही, उद्या सकाळी उपासनेलाही नाही. कधी झाली तर ती माझ्या स्वयंपाकघरात होईल आणि तुला कळणार नाही.

हे पत्र आणि रसाची बाटली घेऊन जो माणूस तुझ्या दारात उभा आहे, त्याला मी पाठवलं आहे. जुनवानीहून दुर्गपर्यंत तो सायकलवर येणार, स्कूटर त्याने पुन्हा धरली नाही. तुझ्या ताराला सांग, आधी खुर्ची दे, मग पाणी. त्याचा पाय दुखतो, पण तो म्हणायचा नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवू नकोस. काही विचारू नकोस. उद्या व्यासपीठावरून एक अक्षर काढलंस, तर तुझ्या मंडळीतला माझा हा शेवटचा रस.

उद्या मी मागच्या खोलीत असेन, पेले भरायला. या खेपेस सगळे भरेन.

तुझ्यावर अतिशय रागावलेली,
तुझी ताई
सत्यशीला