खऱ्या वेळांची वही

मी, भुजंग पिराजी सोनकांबळे, वय तेवीस, धर्म बौद्ध, धंदा घरगुती पाळणाघर, मूळ गाव मुखेड, जिल्हा नांदेड, हल्ली मुक्काम लातूर, आज रविवार, दिनांक १२ एप्रिल १९८७ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवला नाही, कुणी गोड बोललं नाही, नशापाणी मी करत नाही. राग लवकर येतो हे खरं, पण आज सकाळपासून आलेला नाही.

लिहिण्याचं कारण : माझ्या छातीतली झडप नीट मिटत नाही. उद्या मुंबईला निघणार, गुरुवारी ऑपरेशन. शंभरात दहा-बारा दगावतात असं डॉक्टर म्हणाले. झडप लहानपणच्या सांध्याच्या तापानं बिघडली आहे. पुढं कलम ४ मध्ये जे येईल त्याच्याशी तिचा संबंध कुणी जोडू नये.

१. माझी मालमत्ता म्हणजे एक खोली, पुढची पत्र्याची ओसरी, चार पाळणे आणि एक गजराचं घड्याळ. हे सगळं माझी मावशी सरजाबाई हिनं वारण्याआधी मला दिलं. कॉलेजात स्कॉलरशिपचा फॉर्म दाबून ठेवणाऱ्या कारकुनाची मी कॉलर धरली आणि बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून बाहेर पडलो, तेव्हा घरात घेतलं ते मावशीनंच. ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बदलीवर बायका आल्या. सासू गावाकडं, नवरा दुसऱ्या तालुक्यात, पोर कुठं ठेवावं? मावशीनं ओसरीला दोरी बांधून पहिला पाळणा टांगला. मला म्हणाली, "दोन वरसं हिशोब शिकलास ना? धर वही."

नियम मावशीचे आहेत. पाळणाघर जो चालवील त्यानं ते पाळावेत. आल्याची वेळ पोर आत आल्यावर लिहायची. गेल्याची वेळ आई उंबऱ्यात दिसली की लिहायची. मग पोर झोपलेलं असो, चप्पल सापडत नसो, वेळ तिथंच थांबते. साडेपाचपर्यंत महिन्याचा ठरलेला दर, त्यापुढं दर अर्ध्या तासाला एक रुपया. रोज पालकाची सही. यंदा नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, म्हणून पोरामागं एक कळशी घरून आणायची, तिचा रकाना वेगळा. उशिरा आलेल्याला बोलायचं नाही. मावशी म्हणायची, "तू कशाला बोलतूस? वही बोलती की."

२. मुखेडला माझी आई धुरपताबाई हिला पोस्टातली सगळी शिल्लक द्यावी. दागिने केले नाहीत म्हणून तिनं माझ्यावर रुसू नये. मोठा भाऊ व्यंकटी याला माझी सायकल. खोली त्याला देत नाही. मागच्या पोळ्याला तो इथं येऊन ओसरी टेपनं मोजत होता. "ह्या जाग्यावर दुकान लई चाललं असतं. तू बायकांची कामं करून राहिला," असं त्यानं सहा पोरांसमोर म्हटलं. मी फेकलेला तांब्या त्याला लागला नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

३. एसटीचे कंडक्टर अमृतराव यांच्या मुलाचे फेब्रुवारीतले तीन रुपये वादात आहेत. मुदखेडची गाडी उशिरा आली तरी आपण वेळेत पोचलो आणि आमचं घड्याळ पुढं होतं, असं त्यांचं म्हणणं. घड्याळ मी रोज रेडिओच्या बातम्यांना लावतो. तरीही ते तीन रुपये माफ.

४. आता मुख्य गोष्ट. हे कलम नीट वाचावं.

चांगुणाबाई व्यंकटराव गोडबोले (व्यंकटराव हे वडिलांचं नाव) या एका कचेरीत हंगामी टायपिस्ट आहेत. कचेरीचं नाव लिहीत नाही, त्यांची नोकरी आहे. वारलेल्या बहिणीची मुलगी लक्ष्मी, वय तीन, त्या सांभाळतात आणि दोन वर्षं आमच्याकडं ठेवतात. दुष्काळामुळं टँकरच्या आणि कामावरच्या मजुरांच्या याद्या टाइप करायला त्यांना सात-सातपर्यंत बसावं लागतं.

त्या उशिरा आल्या तरी मी वहीत ५.२० किंवा ५.२५ लिहीत आलो. त्यांना जादा पैसे पडू नयेत म्हणून. त्या दमून येत, पोरीला कडेवर घेत आणि न बघता सही करत. फरक मी माझ्या खिशातून मावशीच्या वेळच्या जमेच्या डब्यात टाकत होतो. हे मी का केलं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

मार्चमध्ये त्यांना कचेरीतून मेमो मिळाला. पाच वाजताच निघून जाता, म्हणून याद्या रखडल्या. त्या साहेबांना म्हणाल्या, "मी कवा घरी जाते ते पाळणाघराच्या वहीत हाय. मागवून घ्या." शिपाई आला, मी त्याला वही दिली. का मागवली हे विचारलंसुद्धा नाही. साहेबांनी पान उघडलं. ५.२०, ५.२५, ५.२०. खाली प्रत्येक दिवशी त्यांचीच सही.

त्या संध्याकाळी उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "भुजंगराव, मी सात वाजेपर्यंत टाइप करून बोटं मोडून घेतली. ते सगळ्या लातुरात एकाच जागी लिहिलं जात होतं. तुम्ही ते पुसलं."

मी म्हणालो, "तुमच्या भल्यासाठी..."

"माझं भलं तुम्हाला कुणी विचारलं होतं? रुपाया मागितला असता तर दिला असता."

यावर गप्प बसायचं सोडून मी दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन साहेबाच्या टेबलावर मूठ आपटली. साहेबानं चांगुणाबाईंकडं बघून शांतपणे विचारलं, "हा कोण लागतो तुमचा?" त्यानंतर त्यांचं काम आणखी बिघडलं, हे मी कबूल करतो. चौकशी बुधवारी, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आहे. मी तेव्हा मुंबईच्या दवाखान्यात असेन. म्हणून मरणाच्या आधीचं माझं सांगणं समजून हे वाचावं : चांगुणाबाईंच्या नावापुढच्या गेल्याच्या वेळा मी खोट्या लिहिल्या. सांगितलं कुणी नव्हतं. सह्या त्यांनी न वाचता केल्या.

खऱ्या वेळा आहेत. मोठ्या वहीत खोटं लिहिलं की मला चैन पडायचं नाही, म्हणून चांगुणाबाईंची पाठ वळली की खिशातल्या छोट्या वहीत खरी वेळ लिहीत होतो. दोन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. पण त्या वहीत वेळेच्या पुढं इतर मजकूरही आहे. तो मजकूर फाडला, खोडला तर साहेब म्हणतील वही आत्ता बनवली. तेव्हा ती जशी आहे तशीच दाखवावी लागेल. ती वही मी चांगुणाबाईंना देतो. दाखवायची की नाही, त्यांनी ठरवावं. नाही दाखवली तर मी समजून घेईन. (मेल्यावर कसं समजून घेणार ते माहीत नाही.)

५. खोली, ओसरी, पाळणे आणि घड्याळ चांगुणाबाईंना द्यावं. नोकरी गेलीच तर त्यांना हातात काही असावं.

६. निलंग्याकडच्या गंगम्मा चार वर्षांपासून पाळणे हलवतात. त्यांना मावशीचं लोखंडी कपाट. कुलूप बिघडलेलं आहे, लाथ मारल्यावर उघडतं.

दुरुस्ती, त्याच दिवशी.

एवढं लिहून झाल्यावर गंगम्मानं मला न विचारता चांगुणाबाईंना बोलावून आणलं. त्यांनी हा कागद ओसरीवर उभ्यानं वाचला. मग म्हणाल्या, "वही कुठाय?"

"माझ्या माघारी मिळंल, असं लिहिलंय ना."

"चौकशी बुधवारी हाय. तुमच्या माघारीची वाट बघत बसू का? आत्ता द्या."

दिली. त्यांनी मधलंच एक पान मोठ्यानं वाचलं, गंगम्मासमोर : "'६.५०. हिरवी साडी. डोकं दुखत होतं. लक्ष्मीला उचलताना भिंतीला टेकल्या.'" मी कपाटाकडं बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "यात दाखवू नये असं काय हाय? डोकं दुखतच होतं. साहेबाला म्हणावं, बघा, दुसऱ्या कुणीतरी बघितलंय."

गंगम्मा म्हणाली, "अय्यो, आमाला सगळं ठाऊक व्हतं. हाच येडा समजत व्हता, कुणाला दिसत न्हाई म्हणून."

मग चांगुणाबाईंनी सांगितलं, "कलम पाच खोडा. खोली मला नको. आणि दोन वर्षांच्या जादा वेळेचे रुपये मी देणार, महिन्याला दहा. फुकट सांभाळलेलं पोर मला जड जातं." मी वाद घालायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "बोलायचं न्हाई. वही बोलती." मावशीचं वाक्य त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही.

म्हणून कलम ५ खोडलं. खोली, ओसरी, पाळणे, घड्याळ गंगम्मांना, पाळणाघर चालू ठेवण्याच्या अटीवर. गंगम्मांना अक्षर येत नाही. गेल्याच्या वेळा रोज चांगुणाबाई लिहितील, सगळ्यांच्या, स्वतःचीसुद्धा. कलम ४ मधली छोटी वही हातात दिली आहे, ती आता या मृत्युपत्रात मोडत नाही. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला बसू नये, असं अर्ज लिहिणारे सांगतात. चांगुणाबाईंना आता यातून काहीच मिळत नाही. त्यामुळं त्या साक्षीला बसू शकतात, आणि त्यासाठीच आपण खोली नाकारली असं त्या म्हणतात.

दुसरे साक्षीदार अमृतराव यांना मुद्दाम बोलावलं, कारण ते माझ्या बाजूचे आहेत असं कुणी म्हणणार नाही. कलम ३ वाचून ते म्हणाले, "माफी नको. तीन रुपये खोडा, पण घड्याळ पुढं होतं असं लिहा." तसं लिहिणार नाही. रुपये मात्र आजच वहीतून खोडले, म्हणजे मृत्युपत्रातून त्यांनाही आता काही मिळत नाही.

वरचा सगळा मजकूर, खाडाखोडीसह, दोघांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

(सही) भुजंग पिराजी सोनकांबळे
लातूर, १२ एप्रिल १९८७

साक्षीदार :

१. (सही) अमृतराव साहेबराव बिडवे, कंडक्टर. घड्याळाबाबत सहमत नाही.

२. (सही) चांगुणा व्यंकटराव गोडबोले, टायपिस्ट.
आल्याची वेळ : सकाळी ९.१०
गेल्याची वेळ : मोकळी सोडली आहे. मुंबईहून परत आल्यावर भुजंगरावांनी स्वतः भरावी. खरी भरावी.